औषध तपासले, बाटली कोण तपासणार?

सरकारी रुग्णालयात औषधाच्या खिडकीशी सकाळी पाच मिनिटे उभे राहिले, तर एक प्रश्न हमखास कानावर पडतो : "बाटली आणलीय का?" पातळ औषध मोठ्या कॅनमधून येते आणि ते न्यायला बाटली रुग्णाने आणायची, ही पद्धत अनेक ठिकाणी वर्षानुवर्षे चालत आली आहे. मी विद्यार्थी होतो तेव्हा ती होती. आज निवृत्तीला थोडी वर्षे उरली असतानाही ती पुरती गेलेली नाही. ज्यांना ठाऊक असते ते घरून बाटली आणतात. ज्यांना नसते ते बाहेरच्या टपरीवरून शीतपेयाची रिकामी बाटली मिळवतात, नळाखाली विसळतात आणि पुन्हा रांगेत उभे राहतात.

गेल्या मे महिन्यात एक आजी नातवाला घेऊन आल्या. आदल्या आठवड्यात दिलेले तापाचे औषध अशाच बाटलीत होते आणि ती बाटली पत्र्याच्या घरात खिडकीत ठेवलेली होती. वर नाव नाही, तारीख नाही. औषधाचा रंग बदललेला, वासही वेगळा. आजींनी बाटली टेबलावर ठेवली आणि विचारले, "डॉक्टरसाहेब, औषध बिघडलं की बाटलीनं बिघडवलं?" मी ते औषध टाकून द्यायला सांगितले, नवे दिले. पण त्यांच्या प्रश्नाचे खरे उत्तर माझ्याकडे नव्हते. कॅनवर छापलेली मुदत कॅनमधल्या औषधाची होती. त्या बाटलीत, त्या उन्हात ते औषध किती दिवस टिकते, याची चाचणी कोणीच केलेली नाही.

पातळ औषध म्हटले, की आपल्याला आता छिंदवाडा आठवते. २०२५च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये खोकल्याच्या औषधातील डायएथिलीन ग्लायकॉलमुळे तिथली लहान मुले मूत्रपिंडे निकामी होऊन दगावली. त्यांतल्या अनेकांवर नागपुरात उपचार सुरू होते. तो दोष औषध बनवताना वापरलेल्या द्रावकाचा होता, बाटलीचा नव्हता. त्या घटनेनंतर औषधात काय मिसळले जाते याची चर्चा झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. मात्र कारखान्यातून निर्दोष निघालेले औषधही रुग्णाच्या तोंडात किंवा शिरेत जाईपर्यंत बदलू शकते. तो बदल घडवणाऱ्या गोष्टींत बाटली, बूच, नळी आणि सिरिंज यांचा वाटा मोठा असतो. त्याबद्दल आपण फारसे बोलत नाही.

बाटली आणि औषध यांच्यात देवाणघेवाण होते ती मुख्यतः तीन प्रकारे. बाटलीतले पदार्थ औषधात उतरतात. औषधातले रेणू बाटलीच्या भिंतीत शिरतात किंवा तिला चिकटून बसतात. आणि भिंतीच्या आरपार हवा, पाण्याची वाफ किंवा बाहेरचे रसायन ये-जा करते. त्यात प्रकाश आणि उष्णता यांची भर पडली, की हे सगळे वेगाने घडते. घरातल्या लोणच्याला जे कळते तेच इथे लागू आहे. लोणचे चिनी मातीच्या बरणीत किंवा काचेत घालतात, ॲल्युमिनियमच्या डब्यात नाही. कारण आंबटपणा आणि मीठ धातूला खातात. औषधाचेही तसेच असते, फरक इतकाच की तो डोळ्यांना दिसत नाही.

आमच्या अतिदक्षता विभागातले उदाहरण घेऊ. छातीत दुखत असताना किंवा रक्तदाब फार वाढलेला असताना नायट्रोग्लिसरीन सलाइनमध्ये मिसळून थेंबाथेंबाने शिरेत देतात. हे औषध स्निग्ध पदार्थांत सहज विरघळणारे आहे. सलाइनची नेहमीची मऊ, पारदर्शक नळी पीव्हीसीची असते आणि या औषधाला ती पाण्यापेक्षा जवळची वाटते. औषधासोबतच्या अधिकृत माहितीपत्रकातच नोंद आहे, की पीव्हीसीच्या नळीत ४० ते ८० टक्के नायट्रोग्लिसरीन शोषले जाऊ शकते. नळी लांब असेल आणि वेग कमी असेल, तर तोटा जास्त. म्हणजे केसपेपरवर एक डोस लिहिलेला असतो आणि रुग्णाच्या रक्तात दुसराच पोहोचतो.

आम्ही डॉक्टर रक्तदाब पाहून डोस वाढवत जातो, म्हणून हे बऱ्याचदा निभावते. खरा धोका नळी बदलली की येतो. जुने अभ्यास पीव्हीसीच्या नळ्या वापरून झाले होते आणि त्यांत सुरुवातीचा डोस मिनिटाला २५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त असे. औषध न शोषणारी नळी वापरली तर सुरुवात ५ मायक्रोग्रॅमने करावी लागते. औषध एकच, रुग्ण एकच. नळीच्या प्लास्टिकनुसार डोस पाचपट बदलतो. रात्री दोन वाजता साठ्यात जी नळी असेल ती लावणाऱ्या परिचारिकेला हे कोणी सांगितलेले असते का? खरेदीच्या निविदेत औषधाचे नाव, ताकद, दर सगळे असते. नळी कशाची, हा रकाना अनेकदा कोणी वाचतही नाही.

इन्सुलिनचेही असेच. पातळ केलेले इन्सुलिन काच आणि प्लास्टिक दोन्हींना चिकटते. म्हणून ठिबक सुरू करण्याआधी सुमारे २० मिलिलिटर द्रावण नळीतून वाहू देऊन टाकून द्यावे, असे सांगितले जाते. म्हणजे नळीच्या भिंतीवरची जागा आधीच भरते. ही साधी पायरी गाळली, की पहिले काही तास साखर उतरत नाही आणि आपण रोगाला दोष देतो. माझ्या पिढीतल्या डॉक्टरांना पॅराल्डिहाइड आठवत असेल. झटके थांबवण्यासाठीचे ते उग्र वासाचे औषध काचेच्या सिरिंजमधूनच द्यायचे, अशी सिस्टरची सक्त ताकीद असे. प्लास्टिकची सिरिंज त्यात विरघळू लागते, हे तेव्हा आम्ही घोकून पाठ केले होते. काचेच्या सिरिंजा गेल्या आणि त्यांच्यासोबत तो धडाही गेला.

आता उलटी दिशा. पीव्हीसी मुळात कडक असते. ते मऊ करण्यासाठी डीईएचपी नावाचा तेलकट पदार्थ घालतात; वैद्यकीय पीव्हीसीत त्याचे प्रमाण वजनाच्या ३० ते ४० टक्क्यांपर्यंत असू शकते. तो प्लास्टिकशी घट्ट बांधलेला नसतो. पॅक्लिटॅक्सेल हे कर्करोगावरचे औषध ज्या तेलकट द्रावकात विरघळवलेले असते, तो द्रावक हा पदार्थ नळीतून ओढून घेतो. म्हणून त्या औषधासाठी पीव्हीसी नसलेली पिशवी आणि नळी वापरणे आवश्यक ठरवले आहे. नवजात मुलग्यांच्या जननेंद्रियांच्या वाढीवर डीईएचपीचा परिणाम होऊ शकतो, या काळजीने अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २००२ मध्येच रुग्णालयांना सावध केले होते. आणि गंमत अशी, की हाच पदार्थ रक्ताच्या पिशवीत उतरतो तेव्हा तांबड्या पेशींचे आवरण टिकवायला मदत करतो. त्यामुळे रक्तपेढ्यांना तो सोडणे इतकी वर्षे जड गेले आहे. चांगले प्लास्टिक आणि वाईट प्लास्टिक अशी सरळ विभागणी इथे चालत नाही.

मग काच बरी का? वाचकांकडून हा प्रश्न नेहमी येतो. काच बऱ्याच बाबतींत बरी आहे, पण तीही अगदी निष्क्रिय नसते. पाणी काचेतला सोडियम हळूहळू ओढून घेते आणि द्रावण अल्कधर्मी होते. द्रावण आधीच अल्कधर्मी असेल किंवा त्यात फॉस्फेट, सायट्रेट असेल, तर काच आणखी झिजते. तिचे डोळ्यांना जेमतेम दिसणारे पापुद्रे सुटून औषधात तरंगू लागतात. २०१०च्या सुमारास अशा पापुद्र्यांमुळे अमेरिकेत एरिथ्रोपोएटिनच्या इंजेक्शनांचे साठे परत बोलवावे लागले आणि २०११ मध्ये तिथल्या नियंत्रकांनी सगळ्या उत्पादकांना त्याबद्दल सूचना दिली. म्हणूनच इंजेक्शनासाठी शक्यतो बोरोसिलिकेट काच वापरतात. स्वस्त सोडा-लाइम काच प्रत्येक औषधाला चालत नाही.

काचेतून ॲल्युमिनियमही उतरते. कॅल्शियम ग्लुकोनेटचे इंजेक्शन काचेच्या कुपीत असले, की त्यात ॲल्युमिनियम बरेच जास्त सापडते. १९९७ मध्ये केंब्रिजमधील डॉक्टरांनी २२७ अपुऱ्या दिवसांच्या बाळांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. शिरेतून पोषण घेणाऱ्या या बाळांपैकी काहींना नेहमीचे द्रावण आणि काहींना ॲल्युमिनियम कमी केलेले द्रावण दिले होते. ज्या मुलांना मेंदू-स्नायूंचा ठळक दोष नव्हता, त्यांच्यात नेहमीच्या द्रावणाच्या दर दिवसामागे दीड वर्षाच्या वयातील बौद्धिक विकासाचा एक गुण कमी भरत होता. पुढे २०१०मध्ये ब्रिटनने काचेच्या कुपीतले कॅल्शियम ग्लुकोनेट मुलांना आणि मूत्रपिंडाच्या रुग्णांना वारंवार किंवा दीर्घकाळ देऊ नये, प्लास्टिकमधले वापरावे, अशी सूचना काढली. म्हणजे इथे प्लास्टिक सुरक्षित ठरले आणि काच धोक्याची.

बुचाची गोष्ट तर आणखी बोलकी आहे. मूत्रपिंडाच्या रुग्णांचे रक्त वाढवणारे इप्रेक्स हे इंजेक्शन युरोपात वापरात होते. १९९८ मध्ये त्यातले मानवी अल्ब्युमिन काढून पॉलिसॉर्बेट ८० घालण्यात आले. हेतू चांगला होता, मानवी रक्तातून रोग पसरू नये. त्यानंतर काही रुग्णांत विपरीत घडू लागले. शरीराने या औषधाविरुद्ध प्रतिपिंडे तयार केली, ती रुग्णाच्या स्वतःच्या एरिथ्रोपोएटिनवरही चालून गेली आणि तांबड्या पेशी बनणेच थांबले. २००२ मध्ये फ्रान्समधील डॉक्टरांनी अशा १३ रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली, मग इतर देशांतूनही नोंदी आल्या. कंपनीच्या तपासाचा रोख सिरिंजच्या रबरी बुचाकडे गेला : नव्या पॉलिसॉर्बेटने रबरातली रसायने ओढून घेतली आणि त्यांनी प्रतिकारशक्तीला चिथावले, असे हे अनुमान होते. बुचाला फ्लोरोपॉलिमरचा थर दिला, मूत्रपिंडाच्या रुग्णांत त्वचेखाली देण्यावर बंधन घातले, शीतसाखळी कडक केली आणि प्रकरणे उतरली. नेमका वाटा कशाचा किती, यावर आजही वाद आहे. पण औषधातला एक घटक बदलला तर जुने बूच नव्याने तपासावे लागते, हा धडा सगळ्यांनी घेतला.

आता आपल्याकडचे. सिरपच्या बहुतेक बाटल्या आज पीईटी प्लास्टिकच्या असतात. पीईटीच्या नावात टेरेफ्थॅलेट आहे म्हणून अनेकांना त्यात मघाचा मऊ करणारा पदार्थ असतो असे वाटते, तसे नाही. पीईटीला तो लागत नाही. प्रश्न आहे तो अँटिमनीचा, कारण पीईटी बनवताना उत्प्रेरक म्हणून बहुधा अँटिमनीचे संयुग वापरतात आणि त्याचा अंश प्लास्टिकमध्ये राहतो. तो किती उतरेल हे मुख्यतः उष्णतेवर ठरते. ॲरिझोनातील संशोधकांनी २००८ मध्ये पाण्याच्या बाटल्यांवर हे मोजले. पाण्यातील अँटिमनी अमेरिकेच्या मर्यादेपर्यंत, म्हणजे लिटरला ६ मायक्रोग्रॅमपर्यंत जायला ६० अंश सेल्सिअसला १७६ दिवस लागले असते. ८० अंशांना अवघे २.३ दिवस. नेहमीच्या तापमानाला काळजीचे कारण फारसे दिसत नाही, पण उष्णता वाढली की वेग असा झपाट्याने वाढतो. आणि औषध म्हणजे निव्वळ पाणी नव्हे. त्यात आम्ल, अल्कोहोल, ग्लिसरीन, रंग असतात. प्रत्येकाचे वागणे वेगळे. पाण्याचे आकडे सिरपला तसेच लावता येत नाहीत, ते सिरपवरच मोजावे लागतात.

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सप्टेंबर २०१४ मध्ये मुले, वृद्ध, गर्भवती आणि प्रजननवयातील स्त्रियांसाठीच्या पातळ औषधांना प्लास्टिक व पीईटी बाटल्यांची बंदी घालणाऱ्या नियमाचा मसुदा काढला. त्यावर काच आणि प्लास्टिक अशा दोन्ही उद्योगांची बाजू जोरात मांडली गेली. सरकारी तपासणीत काही सिरपच्या नमुन्यांत अँटिमनी आणि शिसे यांसारखे धातू आढळल्याच्या बातम्या आल्या; डॉ. एम. के. भान यांच्या अध्यक्षतेखालील समितीला मात्र पीईटी घातक असल्याचा निर्णायक पुरावा दिसला नाही. मसुद्याची बंदी झाली नाही. त्याला दहा वर्षे उलटून गेली.

माझे स्पष्ट मत आहे, की सरसकट बंदी हे उत्तर नव्हते. आशाताई पिशवीतून औषधे घेऊन चार वस्त्या चालतात. काच फुटली तर औषधही जाते आणि हातही कापतो. स्वस्त काच आली तर तिचे दोष वेगळेच. पण बंदी नको म्हणजे काहीच नको, असा अर्थ आपण काढला, ही चूक झाली. हवे होते ते मोजमाप, आणि तेही आपल्या हवामानात. औषधाची दीर्घकालीन चाचणी आपल्याकडे साधारण ३० अंशांना होते, वेगवर्धित चाचणी ४० अंशांना. चंद्रपूर-अकोल्याच्या उन्हाळ्यात सावलीतलाच पारा ४५ ओलांडतो. बंद टेम्पोत आणि पत्र्याच्या गोदामात तो किती चढत असेल, हे कोणीही सांगू शकेल.

म्हणून चार गोष्टी मागतो. पहिली, खिडकीवरचा "बाटली आणलीय का?" हा प्रश्न बंद करा. पातळ औषध उत्पादकाच्या मूळ, लहान, लेबल लावलेल्या बाटलीतच द्या. हे अशक्य नाही. लहान मुलांना लोहाचे सिरप देण्याच्या सरकारी कार्यक्रमात ५० मिलिलिटरची, एका वेळी एक मिलिलिटर देणाऱ्या यंत्रणेची बाटली ठरवली गेलीच ना? मनात आणले तर सरकार बाटलीचा विचार करते. दुसरी, खरेदीच्या निविदेत औषधासोबत नळीही लिहा. नायट्रोग्लिसरीन, अमिओडारोन, पॅक्लिटॅक्सेल यांसारख्या मोजक्या औषधांची यादी केली, तरी मोठा भाग सुटतो. सगळ्या नळ्या महाग घ्यायची गरज नाही. तिसरी, कोणत्या बाटलीतून त्या औषधात काय आणि किती उतरते, हे उत्पादकाने आपल्या उन्हाळ्याच्या तापमानाला मोजावे आणि नियंत्रकांनी ते जाहीर करावे. बाटली किंवा बूच बदलले तर पुन्हा मोजावे. चौथी आमच्यासाठी, म्हणजे डॉक्टर, परिचारिका आणि औषधनिर्मात्यांसाठी. औषध अपेक्षेप्रमाणे लागू पडले नाही किंवा विपरीत झाले, तर बाटली-नळीचाही संशय घ्या, बॅच क्रमांकासह नोंद करा. राष्ट्रीय औषधदक्षता कार्यक्रमाचा १८००-१८०-३०२४ हा निःशुल्क क्रमांक रुग्णांसाठीही खुला आहे.

घरी काय करायचे? घाबरून औषध मात्र बंद करू नका. बाटलीतून उतरणाऱ्या अंशापेक्षा न घेतलेल्या औषधाचा धोका कितीतरी मोठा असतो. औषध मूळ बाटलीतच ठेवा. तपकिरी बाटली शोभेची नसते. ती प्रकाश अडवते. पारदर्शक बाटलीत ओतलेले औषध त्या संरक्षणाला मुकते. ॲड्रेनालिनचे इंजेक्शन प्रकाशाने आणि हवेने आधी गुलाबी, मग तपकिरी होते, तसे ते दिसले तर वापरायचे नाही. दम्याच्या वाफाऱ्याच्या छोट्या प्लास्टिक कुप्या चकचकीत पाकिटात येतात, कारण त्या प्लास्टिकमधून वाफ आणि वास ये-जा करतात. कागदी लेबलाचा डिंकसुद्धा आत उतरू नये म्हणून अनेकदा नाव प्लास्टिकवरच उठवलेले असते. पाकीट फाडून त्या कुप्या डब्यात सुट्या भरून ठेवू नका. औषधाची जागा स्वयंपाकघरातल्या शेगडीशेजारी, टीव्हीवर किंवा उभ्या गाडीत नसते. पाणी घालून तयार केलेले प्रतिजैविक आणि उघडलेले डोळ्यांचे थेंब लेबलवर लिहिलेल्या दिवसांनंतर टाकून द्या, भले बाटली निम्मी भरलेली असो. आणि रिकाम्या औषधाच्या बाटलीत फिनेल किंवा रॉकेल कधीही भरू नका. त्याचे परिणाम आम्ही अपघात विभागात पाहतो.

त्या आजी पुढच्या आठवड्यात पुन्हा आल्या. नातू बरा होता. या वेळी त्यांनी घरून काचेची बाटली आणली होती, उकळून, कोरडी करून, फडक्यात गुंडाळून. त्यांनी त्यांच्या परीने सगळे केले होते. त्या बाटलीचीही चाचणी कोणी केलेली नव्हती, आणि ती करणे हे त्यांचे कामही नव्हते. ते काम आमचे आहे, औषध बनवणाऱ्यांचे आहे आणि ते विकत घेणाऱ्या सरकारचे आहे.